आवाज तुटू नये म्हणून

माझा मुलगा मला वहिनी म्हणायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोंधळ नको. जळकोटला माझं सासर होतं आणि त्या घरात माझे तीन धाकटे दीर. सकाळी डोळे उघडल्यापासून वहिनी चहा, वहिनी टॉवेल, वहिनी मोटर चालू करा, असा धोशा असायचा. पोरगं बोलायला लागलं तेव्हा त्याच्या कानावर माझं तेवढंच नाव पडत होतं. 'आई' म्हणजे त्या घरात माझी सासू, कारण तिची सगळी मुलं तिला आई म्हणायची. नातवानंही तेच उचललं. आमच्या भागात यात नवल काही नाही. बापाला भाऊ आणि आईला वहिनी म्हणणारी पोरं प्रत्येक गल्लीत निघतील.

माझ्या आईला मात्र ते अजिबात पटायचं नाही. सोताच्या आईला कुणी वहिनी म्हणतं का, असं ती दर दिवाळीला विचारायची आणि नातवाला मांडीवर घेऊन 'आई म्हण, आई म्हण' करत बसायची. तो तिच्याकडं बघून हसायचा आणि मला हाक मारायचा, वहिनी. मला ते आवडायचं. दीर हाक मारायचे ती वहिनी कामाची होती. हा पदर ओढून म्हणायचा ती फक्त माझी होती.

तो पहिलीत असताना मी तेरला माहेरी परत आले. का आले ते सांगत बसत नाही. सांगितलं की ऐकणारे मान हलवून 'दोन्हीकडून थोडंथोडं असतंच' म्हणतात आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जातं. मग दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली, चहा झाला, सुपारी कातरून झाली आणि ठरलं की मुलगा बापाच्या घरी राहील. माझ्या बाजूनं बसलेल्यांनीही माना डोलावल्या. मुलगा त्या घरचा असतो हे सगळ्यांना इतकं पाठ होतं, की मला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पोराला रुळू द्या, सारखे फोन करून त्याचं मन चलबिचल करू नका, असंही जाता जाता ठरलं.

तरी मी फोन करायचे. तो झोपलेला असायचा, क्लासला गेलेला असायचा, नाहीतर नुकताच खेळायला बाहेर पडलेला असायचा. दोनदा एसटी बदलून जळकोटला जाऊनही आले. पहिल्यांदा तो आजारी आहे म्हणून आत झोपलाय असं सांगितलं. दुसऱ्यांदा सासूबाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि पोरगं मामाच्या गावाला गेलंय म्हणून सांगितलं. त्याचा मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ, आणि तो सकाळीच मला तेरच्या स्टँडवर सोडून शेतात गेला होता. मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. परतीच्या गाडीत माझ्या शेजारच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर मी तिच्यावरच खेकसले.

पुढं बरीच वर्षं अशीच गेली. मी धाराशिवला एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम धरलं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. जळकोटच्या बातम्या इकडून तिकडून कळायच्या. पोरगं सातवीत गेलं, उंची वाढली, बापानं दुसरं लग्न केलं. दुसऱ्या लग्नाची बातमी देणारीनं माझ्या तोंडाकडं फार निरखून बघितलं, म्हणून मी तिला बळंच दोन लाडू खाऊ घातले. मला त्या माणसाचं काहीच वाटत नव्हतं. त्या घरातलं मला एकच हवं होतं आणि ते कुणी देत नव्हतं.

अशात सगळ्यात धाकट्या दिराचा मोबाइलवर निरोप आला. तो माझ्या हातचं खाऊन मोठा झाला होता आणि त्याला हे सगळं मनातून आवडलेलं नव्हतं, पण मोठ्या भावापुढं बोलायची त्याची छाती नव्हती. त्यानं लिहिलं होतं की पोरगं रोज संध्याकाळी त्याच्या कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम खेळतं, भाऊ तेव्हा हायवेवरच्या दुकानात असतो, तुम्हीही त्या गेमात या. खाली पोरानं तिथं घेतलेलं टोपणनाव दिलं होतं.

मी जन्मात पत्त्यांशिवाय काही खेळले नव्हते. माझ्या चुलतभावानं समजावून सांगितलं, हा खेळ असा की आकाशातून पॅराशूटनं एका ओसाड बेटावर उतरायचं, रिकाम्या घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. जोडीनं खेळता येतं. जोडीतला एक पडला तर दुसरा त्याच्याजवळ बसून त्याला उठवू शकतो. आणि कानाला हेडफोन लावला की जोडीदाराशी बोलता येतं. एवढं शेवटचं वाक्य ऐकल्यावर मला बाकीचं ऐकायची गरज राहिली नाही.

माझ्याकडं एक कॉम्प्युटर होता. मी पूर्वी जिथं कॉम्प्युटर शिकवायचे तो क्लास बंद पडला तेव्हा तिथलं एक मशीन मी घरी आणलं होतं. पत्र टाइप करायला ते उत्तम होतं. चुलतभावानं त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं रंगवणारा भाग, त्यात बसवून दिलं. भावानं इंटरनेटची जोडणी घेऊन दिली. आणि एका संध्याकाळी त्या बेटावर माझ्या शेजारी लाल टोपी घातलेला एक शिपाई उभा राहिला आणि हेडफोनमधून फुटक्या, वयात येऊ घातलेल्या आवाजात मला विचारलं गेलं, "कोण हाय?"

मी म्हटलं, "मी हाय. वहिनी."

लाल टोपी माझ्याकडं वळली. मग तो म्हणाला, "तुला येतंय व्हय खेळाय?"

मला येत नव्हतं. पण त्यानं शिकवलं. माझ्यासारख्या विद्यार्थिनीवर मी स्वतः क्लासात केव्हाच ओरडले असते, पण तो ओरडला नाही. कामावरून आलं की हातपाय धुवून मी हेडफोन घालायचे, आणि बाप दुकानातून येईपर्यंतचा तेवढा वेळ आमचा असायचा. मी सारखी पडायची. तो धावत यायचा, "थांब वहिनी, उठवतो," म्हणायचा आणि माझ्याशेजारी बसायचा. सहा वर्षांचा असताना पडला की मी त्याला उचलायची. आता तो मला उचलत होता. माझी आई मागं खुर्ची टाकून बसायची. बाईमाणसानं बंदुका चालवायच्या म्हणजे काय, असं कुरकुरायची आणि दर दोन मिनिटांनी मला कोपरानं ढोसून 'काय म्हणतंय पोरगं?' विचारायची.

मी पडायची त्यात माझा हात जेवढा कच्चा होता तेवढंच मशीनही कच्चं होतं. दोघंच असलो की ठीक चालायचं. समोर चार माणसं आली, गोळ्या सुटायला लागल्या की स्क्रीन थिजायचा आणि आवाजही तुटायचा. त्याचं अर्धं वाक्य यायचं, मग खरखर, मग शेवटचा शब्द. 'वहिनी, मी काल...' खरखर. '...आठवण...' खरखर. परत विचारलं तर तो 'काय न्हाय' म्हणून पुढं पळायचा. ते मधले तुकडे मी माझ्या मनानं भरायची. त्याला भरून येत असेल, म्हणून आवाज अडखळत असेल, असं मला वाटायचं. ते वाटणं मला हवंच होतं, मग मी कशाला शहानिशा करू.

मग खेळाचा नवा अपडेट आला आणि माझं मशीन पार गळाठलं. मी पॅराशूटनं जमिनीवर उतरायच्या आत कुणीतरी मला मारून गेलेलं असायचं. पोरगं उठवायला यायचं आणि त्यालाही मारायचे. असं आठवडाभर झाल्यावर त्यानं, वर्गात खोडरबर मागावं इतक्या सरळपणे विचारलं, "वहिनी, मी दुसऱ्यासंगं जोडी करू का? माझी रँक लई खाली चाललीय."

त्याची चूक काहीच नव्हती. कुणीही पोरगं हेच विचारेल. पण दुसरा जोडीदार मिळाला की संध्याकाळचा तो वेळ गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. फोन नाही, भेट नाही, एवढी एक खिडकी होती. मी म्हटलं, "थोडं थांब. मी मशीन नीट करते."

"नीट न्हाय होत तसं," तो म्हणाला. "तुझा प्रोसेसर दोन कोरचा हाय. प्रोसेसर बदल."

मी क्लासात पोरांना शिकवायचे की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. परीक्षेत हे लिहिलं की दोन मार्क मिळायचे. त्यापलीकडं मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आता मात्र नाकावर चष्मा चढवून बसले, हिंदी व्हिडिओ बघितले आणि खेळ चालू असताना मशीनमध्ये काय होतं ते दाखवणारा तक्ता उघडला. प्रोसेसर पूर्ण घामाघूम आणि ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं बसलेलं. पंगतीला अख्खं गाव बसलंय आणि भाकरी थापायला दोनच बायका, अशी गत होती. वाढणारे हात बांधून उभे. या बायका वाढवायच्या होत्या. त्यांनाच कोर म्हणतात.

धाराशिवच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं मशीनची माहिती ऐकून घेतली आणि म्हणाला, "ताई, हे भंगारात घाला. नवा सेट घ्या. कोणाला पाहिजे, मुलाला का?"

"मला."

"तुमाला कशाला? ऑफिसच्या कामाला तर हे बी चालंल."

"गेम खेळायला," मी म्हटलं. तो हसला, मग दुकानातला पोऱ्याही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला माझ्या मदरबोर्डचा, म्हणजे ज्या मोठ्या पट्टीवर प्रोसेसर बसतो तिचा, नंबर सांगितला आणि यावर नव्यापैकी कुठले प्रोसेसर बसतात तेवढंच सांगा म्हटलं. तो हसायचा थांबला. नवा सेट माझ्या आवाक्यात नव्हता. त्याच बोर्डवर बसेल असा एखादा जास्त कोरचा प्रोसेसर घ्यायचा एवढाच मार्ग होता, आणि त्यातही पर्याय होते.

आणि मग आमचे सगळ्यात चांगले दिवस आले, ते कुठला प्रोसेसर घ्यायचा यावरच्या भांडणाचे. त्या बेटाच्या एका टोकाला मोडकी शाळा होती. तिथं बंदुका चांगल्या मिळायच्या नाहीत, म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. माझं मशीन तिथं कमी अडखळायचं. आम्ही दोघं तिथं उतरायचो, एका वर्गात भिंतीला टेकून बसायचो आणि प्रोसेसरवर बोलायचो. तो शिकवणीला बसल्यासारखं सांगायचा. चार कोरचा घेऊ नको, वर्षभरात पुन्हा रडशील. सहा कोरचा घे. जुना वापरलेला घेऊ नको, त्याच्या मालकानं त्याला किती तापवलाय कुणाला माहीत. त्याच्यासंगं पंखा येतो का बघ. मी मुद्दाम उलटे प्रश्न विचारायची. तो वैतागायचा. "वहिनी, तुला कळत न्हाय," म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मध्येच शाळेचं काहीतरी निघायचं. गणिताच्या बाई चिडक्या आहेत. चुलत्यानं त्याला मोटारसायकल चालवायला दिली, हे भाऊंना सांगायचं नाही. मी म्हटलं, मी कशाला सांगते भाऊंना.

शेवटी दोन प्रोसेसर उरले. दोन्ही सहा कोरचे. एक जरा जास्त पळणारा, पण त्याला स्वतःचं चित्र काढता येत नव्हतं; ग्राफिक्स कार्ड असेल तरच स्क्रीन चालणार. दुसरा थोडा हळू, पण वेळ पडली तर कार्डाशिवायही स्क्रीन दाखवणारा. पोरगं पहिल्यावर अडून बसलं होतं. कार्ड हाय ना तुझ्याकडं, मग त्याला चित्र कशाला पायजे, असं त्याचं म्हणणं, आणि ते खेळाच्या हिशोबानं बरोबर होतं. पण माझं कार्ड जुनं, चुलतभावानं वापरून टाकलेलं. ते एखाद्या संध्याकाळी गेलं तर स्क्रीन काळा होणार आणि मी नवं कार्ड जमवेपर्यंत त्याला दुसरा जोडीदार मिळालेला असणार. मला थोडं हळू चाललं असतं, काळा स्क्रीन चालला नसता. हे कारण मी त्याला सांगितलं नाही. मी हट्टी आहे असं समजून तो चिडला. "मग मला कशाला इचारलं?" म्हणाला. त्याच्या त्या फुरंगटण्यातही मला सुखच वाटलं. आपल्या पोराचा राग अंगावर घ्यायला मिळणं, हेसुद्धा मला किती वर्षांत मिळालं नव्हतं.

खरं तर ही निवड कधी संपूच नये असं मला वाटायचं. पण रँक खाली चालली होती, आणि रँक म्हणजे काय ते मला आता कळायला लागलं होतं.

प्रोसेसर घेतला. दुकानदारानं आधी माझ्या बोर्डमधला जुना प्रोग्राम बदलला. तसं केलं नाही तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही, म्हणाला. मग जुना काढला, नव्याच्या पाठीवर ताप ओढून घेणारी पांढरी पेस्ट लावली, वर पंखा बसवला. मशीन पोत्यात गुंडाळून मी एसटीत मांडीवर धरून तेरला आणलं. नेमकी त्या दिवशी अमावस्या. आईनं मशीन घरात घेऊ दिलं, पण चालू करायला ठाम नकार दिला. अमावस्येला नव्या वस्तूला हात लावायचा नाही. मी पाय आपटले, पण आईपुढं माझं चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा तिनं मशीनच्या डब्यावर हळदकुंकू वाहिलं होतं, वर फूल ठेवलं होतं आणि स्वतः इरकली नेसून खुर्चीत बसली होती. तिनं एकच अट घातली. आज हेडफोन नको, स्पीकर लाव. मला पण पोराचा आवाज ऐकू दे.

हेडफोनचा माइक बोलण्यापुरता समोर ठेवला. मशीन चालू झालं. खेळ उघडला. मी चार पावलं चालून बघितली आणि थक्क झाले. गवत हलत होतं. इतके महिने मी त्या बेटावर होते आणि तिथं गवत हलतं हे मला ठाऊक नव्हतं. लाल टोपीवाला शिपाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चालतंय का गं?" आणि आवाज असा आला की आई दचकली. तुटला नाही, खरखरला नाही. पोरगं शेजारच्या खोलीत असावं तसा. आई पदर तोंडाला लावून ऐकत बसली.

आवाज नीट आला आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की तो बोलताना सारखं काहीतरी खात असतो. शेंगा किंवा चिवडा. त्याचं वाक्य अडखळायचं ते घासामुळं. भरून वगैरे काही येत नव्हतं त्याला. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. आधी आवाज तुटत नसे तेव्हाही त्याच्यामागं बारीक खरखर असायचीच, त्यामुळं मागचं घर मला कधी ऐकू यायचं नाही. आता घरही ऐकू यायला लागलं. सासूबाईंचा खोकला. दाराची कडी. मग मिक्सर. तो मिक्सर माझ्या लग्नात माझ्या मामानं दिलेला. त्याचं झाकण नीट बसत नाही, हातानं दाबून धरावं लागतं, नाहीतर चटणी भिंतीवर उडते. मी तो आवाज कुठंही ओळखला असता. त्याचा आवाज मध्येच खाली जाऊन पुन्हा चढला, म्हणजे कुणीतरी झाकणावर हात दाबला होता. मी इकडं गोळ्या भरत होते आणि माझ्या हाताला तिकडच्या झाकणाचा धक्का जाणवत होता.

खेळही छान चालला होता. आम्ही दोघांनी मिळून दोन जणांना मारलं. त्यातला एक मी एकटीनं. पोरगं खूश झालं. मग मिक्सर थांबला आणि एका बाईचा आवाज आला. तरुण, बारीक, सोलापूरकडचा वाटावा असा. तिनं हाक मारली, "दादा, ताट वाढलंय रे."

आणि माझा मुलगा ओरडून म्हणाला, "आलो गं, वहिनी."

मी माउसवर बोट ठेवून तशीच राहिले. ती त्याची सावत्र आई आहे हे मला कळत होतं. तो तिला काहीतरी म्हणत असेल हेही कळत होतं, आणि त्याची मी मनाची तयारीही करून ठेवली होती. तो तिला मम्मी म्हणत असेल, छोटी आई म्हणत असेल. आई म्हटलं असतं तरी मी पचवलं असतं, कारण आई मी त्याची कधी नव्हतेच. पण दीर आता तिला वहिनी म्हणत होते, आणि घरातल्या हाका चालतात तशी ही हाकही तिच्याकडं गेली होती. स्वयंपाकघरातल्या जागेसारखी, मिक्सरसारखी. त्यात पोराचं काही पाप नव्हतं. तो लहानपणी शिकला तसंच आता शिकला होता. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटलं की बाळा, ते नाव माझं आहे, दुसरं माझ्याकडं काही राहिलेलं नाही.

पावलं जवळ आली. ती बाई खोलीत आली होती. रागात नव्हती, उलट मायेनंच विचारत होती, "कुणासंगं बोलाय लागलास रे एवढं?"

"कोण न्हाय," माझा मुलगा म्हणाला. "टीममधली एक मावशी हाय."

"मग तिला सांग, जेवून येतो म्हण. गार व्हायलंय."

"मावशी, जेवून येतो," तो मला म्हणाला. "तवर मला संभाळ."

मी म्हटलं, "जा. जेवून ये." माझा आवाज नीट निघाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ती पावलं गेली, त्याच्या मागं त्याचीही गेली. त्यानं बापाच्या भीतीनं सांगितलं असणार. मी त्याच्याशी बोलते हे कळलं असतं तर कॉम्प्युटरच बंद झाला असता. पोरगं हुशार होतं, त्यानं आमची संध्याकाळ वाचवली होती. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

आईनं या वेळी मला कोपरानं ढोसलं नाही. हळूच विचारलं, "त्याला मावशी कुठं हाय गं? तू तर एकलीच लेक माझी."

मी स्क्रीनकडंच बघत राहिले. ती उठली आणि चुलीकडं गेली. तिकडं भांड्यांचा आवाज झाला, पण स्वयंपाकाचा नव्हता तो. ती नुसती भांडी इकडची तिकडं ठेवत होती.

लाल टोपीचा शिपाई एका घराच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. खेळाडू उठून गेला की तो असाच उभा राहतो, कुणीही यावं आणि मारून जावं. मी दारात उभी राहिले. जुन्या मशीनवर मला ते जमलंच नसतं. आता जमत होतं. एक जण जिन्यावरून वर आला, त्याच्या बुटांचा आवाज मला दोन पायऱ्या आधी ऐकू आला, आणि स्क्रीन एकदाही थिजला नाही. मी त्याला दारातच पाडलं. मग पुन्हा बंदूक भरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

तिकडं ताटांचा आवाज येत होता. कुणीतरी त्याला आणखी भाजी वाढली. तो नको म्हणाला, ती घे म्हणाली, त्यानं घेतली.

जेवून तो परत आला. खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मी कान देऊन ऐकलं. पंखा फिरत होता, लांब आतल्या खोलीत टीव्ही लागला होता, आणि त्या बाईचा आवाज त्या टीव्हीच्या बाजूला, सासूबाईंशी बोलताना येत होता. या खोलीत तो एकटाच होता. नवा आवाज इतका स्वच्छ होता की त्यात शंकेला जागा नव्हती. आता तो मला हाक मारील, मघाशी असं का म्हणालो ते दबक्या आवाजात सांगेल, म्हणून मी थांबले.

जिन्याजवळ पडलेला माणूस त्याला दिसला. "तू मारलास?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आता लई भारी चालतंय तुझं मशीन, मावशी," तो म्हणाला. "चल, पुढं जाऊ."

मी त्याच्या मागं निघाले.